‘मला वाटतं’ आणि मण्यार

आमच्या गावाकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत. ‘लांबडं’ म्हणतात, ‘जनावर’ म्हणतात, आणि कुणाला साप चावला तर ‘पान लागलं’ म्हणतात. पाटणच्या बाजूला डोंगराच्या कुशीत आमची वाडी आहे. श्रावणातल्या एका पहाटे शेजारच्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा पोटात दुखतंय म्हणून उठला. आईने ओवा आणि मीठ चावायला दिलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, डोळे उघडत नाहीत. झोप झाली नसेल, असं सगळ्यांनी धरलं. पण पापण्या खाली उतरत होत्या आणि समोरचं दिसावं म्हणून तो मान मागे टाकून बघत होता. मग त्याला थुंकी गिळता येईना. तेव्हा कुणीतरी जमिनीवरचं अंथरूण झटकलं आणि गोधडीच्या घडीतून मण्यार निघाली.

अंगणात दहा-बारा माणसं जमली. दवाखाना लांब, गाडी सांगावी लागणार, पाऊस चाललेला. माझे चुलते, ज्यांना सगळी वाडी तात्या म्हणते, शांतपणे म्हणाले, “मला वाटतं, आधी मारुतीला न्यावं. माझा अनुभव आहे.” मुलाला उचलून देवळात नेलं. देवर्षी आला, अंगारा लावला, कडुनिंबाचा पाला तोंडात दिला. पाला कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलंय, अशी ती पारख. त्या मुलाला पाला चावताच येत नव्हता. गाडी मिळेपर्यंत सव्वा तास गेला आणि अर्ध्या वाटेत त्याचा श्वास थांबला.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि बॅटरी धरून उभा होतो. मण्यारीचं विष काय करतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी बोललो नाही. मोठ्या माणसाचं मत होतं आणि आपल्याकडे मोठ्या माणसाच्या मताला चारचौघांत खोडून काढत नाहीत. हा लेख त्या गप्प राहण्याबद्दल आहे. एका घरापुरती ती गोष्ट राहिली असती तर मी लिहिलं नसतं. पण गेली काही वर्षं सगळ्याच सार्वजनिक बोलण्यात मी तेच बघतोय. लसीची गोष्ट निघो, गर्भातल्या बाळाची निघो, ग्रहणाची निघो, कुणी एक सिद्ध झालेली गोष्ट सांगतो, दुसरा म्हणतो ‘माझं मत वेगळं आहे’, आणि तिसरा समजूतदारपणे म्हणतो, ‘असू दे, ज्याचं त्याचं मत.’ तिथे चर्चा संपते. मला तो तिसरा माणूस सगळ्यांत धोक्याचा वाटतो, कारण त्या पहाटे अंगणात तो मीच होतो.

तात्या मूर्ख नव्हते. दुष्ट तर मुळीच नव्हते. त्या मुलाला त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून देवळात नेलं आणि पुढे कित्येक महिने त्यांना अन्न गोड लागलं नाही. त्यांचं मत हवेतून आलेलं नव्हतं. पंचविशीत असताना भाताच्या खाचरात त्यांच्या पायाला साप चावला होता. त्याच मारुतीसमोर त्यांनी कडुनिंब खाल्ला होता आणि दुसऱ्या दिवशी ते लावणीला उभे होते. त्यानंतर तीन जणांना त्यांनी स्वतः तिथे नेलं आणि तिघेही घरी चालत आले. स्वतःचा धरून चारपैकी चार. डोळ्यांनी पाहिलेलं, अंगावर भोगलेलं. अशा माणसाला ‘अंधश्रद्धाळू’ म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे आणि फार चुकीचंही. त्यांच्या अनुभवात काय राहून गेलं होतं, हे त्यांच्याशी बसून बोलायला हवं.

भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या साठेक विषारी, आणि त्यांतही बऱ्याच समुद्रातल्या. महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. खाचरात, बांधावर, पडवीत आपल्याला जे भेटतात त्यांत धामण, दिवड, नानेटी, कवड्या, तस्कर, गवत्या हेच जास्त, आणि यांच्या दंताने माणूस मरत नाही. पाण्याकाठी राहणारी दिवड अंगाने शांत नाही, पाय पडला की कडकडून चावते, रक्त काढते. तात्यांना खाचरात चावली ती बहुतेक दिवडच असावी. कवड्याच्या अंगावरचे पट्टे पाहून तर जाणती माणसंही त्याला मण्यार म्हणतात. डुरक्या घोणस हे नावच घोणशीवरून पडलंय, पण त्या सापाला विष नाही. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असं नाही. कधी नुसतेच दात लागतात, कधी विष इतकं थोडं उतरतं की अंगाला निभावता येतं.

आता देवर्ष्याच्या दारात शंभर माणसं आली असं धरून चालू. त्यांतली सत्तर बिनविषारी सापांची. उरलेल्या तीसांतल्या काहींना विष उतरलेलंच नाही, काहींना थोडं. समजा, खरोखर जीव धोक्यात असलेली माणसं दहा-बारा. देवर्ष्याने काही केलं किंवा नाही केलं तरी ऐंशी-नव्वद माणसं घरी जाणारच होती. ती जातात, नारळ फोडतात, गावभर सांगतात. जी मरतात ती सांगायला येत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल ‘वेळ भरली होती’, ‘फार उशिरा आणलं’, ‘सापाने डूख धरला होता’ अशी उत्तरं तयार असतात. शंभरांतल्या नव्वदांचं यश कुठल्या शहरातला नामवंत डॉक्टरही छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून अनुभव खोटा नसतो, पण तो कशाचा अनुभव आहे हे अनुभवाला स्वतःला कळत नाही. ते कळायला आणखी काही करावं लागतं: कुठला साप होता ते ओळखावं लागतं, मेलेली माणसंही मोजावी लागतात, आणि ज्यांना पाला दिलाच नाही त्यांचं काय झालं हेही बघावं लागतं. ही तीन कामं करण्यालाच विज्ञान म्हणतात. ती कामं एकटा माणूस त्याच्या एका आयुष्यात, कितीही शहाणा असला तरी, करू शकत नाही.

मराठीत एक अडचण आहे, तिच्याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. ‘वाटणं’ हे आपलं एकच क्रियापद किती ठिकाणी राबतं बघा. भीती वाटते, लाज वाटते, आपलं वाटतं, पाऊस येईल असं वाटतं, हे खरं वाटतं. मनातली भावना आणि जगाबद्दलचा अंदाज, दोन्ही एकाच शब्दात. ‘मला मारुतीपुढे धीर वाटतो’ यावर कुणी वाद घालू शकत नाही. तात्यांना तिथे धीर वाटतो, तर वाटतो. तो त्यांचा, आणि त्याला कुणाच्या पुराव्याची गरज नाही. पण ‘मला वाटतं, पाल्याने विष उतरतं’ हे वाक्य त्याच साच्यातलं असलं तरी त्याची जात वेगळी आहे. ते तात्यांच्या मनाबद्दल नाही, त्या मुलाच्या छातीच्या स्नायूंबद्दल आहे. आणि छातीचे स्नायू कुणाचं वय, मान, भक्ती काही बघत नाहीत.

मण्यार रात्री फिरते, भक्ष्य शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला मध्यरात्र ते पहाट या वेळात चावते. तिचे दात इतके बारीक की दंश मुंगी चावल्यासारखा, कित्येकदा जागही येत नाही. खूण सापडत नाही, सूज येत नाही. पोटात दुखतं, आणि मग पापण्या उतरायला लागतात. मेंदूकडून आलेला निरोप नस स्नायूला जिथे देते, ते नसेचं टोकच हे विष निकामी करतं. आधी पापण्या, मग गिळणं, मग मान, मग श्वास. माणूस शुद्धीवर असतो, त्याला सगळं ऐकू येत असतं. फक्त हलता येत नाही. त्या मुलालाही देवळातली घंटा ऐकू येत असणार, हा विचार मला आजही झोपू देत नाही. एकदा नसेचं टोक खराब झालं की प्रतिविषही ते लगेच सुधारू शकत नाही. पण व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला तर काही दिवसांनी ती टोकं पुन्हा तयार होतात आणि माणूस आपल्या पायांनी घरी जातो. म्हणजे मधल्या काळात फक्त हवा पुरवत राहायची असते. याला कसली श्रद्धा लागत नाही, आणि अश्रद्धाही लागत नाही.

‘मग डॉक्टरांचंही मतच ना? तुमच्या मतापेक्षा त्यांचं मत भारी कशावरून?’ असं एका लग्नात मला एका शिकलेल्या पाहुण्यांनी विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे, त्याला टाळू नये. उत्तर असं की डॉक्टरचं मत नुसतं मत असेल तर ते भारी नाहीच. विज्ञानाचा दबदबा माणसामुळे नसतो, आणि याचा पुरावा विज्ञानाच्या स्वतःच्याच इतिहासात पडलेला आहे.

प्रतिविष पहिल्यांदा तयार केलं आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने, 1890 च्या दशकात. नागाच्या विषावर बनवलेलं आपलं औषध सगळ्याच सापांवर चालेल असं त्याचं मत होतं. मोठा माणूस, स्वतःच शोध लावलेला, त्याच्या शब्दाला वजन. पुढे काही वर्षांतच मुंबईत परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, जिला आज आपण हाफकिन संस्था म्हणतो, जॉर्ज लॅम्ब यांनी ते तपासलं. नागाचं प्रतिविष घोणशीच्या विषावर चालत नाही, असं त्यांना दिसलं. काल्मेतचं मत गेलं. त्याचा मान राहिला, मत गेलं. आज आपल्याकडच्या दवाखान्यात मिळणारं प्रतिविष चारही सापांचं विष घोड्याला थोडंथोडं टोचून तयार करतात, ते या माघारीमुळेच.

दुसरं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, लहान मुलं, दवाखान्यात आणूनही मरत होती. शंभरांतली तीस-चाळीस. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, मग छातीत पाणी आणि शेवट. यावर अमुक द्यावं, तमुक द्यावं अशी मतं डॉक्टरांचीच होती आणि त्यांचा उपयोग होत नव्हता. बावस्करांनी एकेका रोग्याशेजारी बसून तासातासाच्या नोंदी केल्या. विंचवाच्या विषाने शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी होतं, हे त्यांनी ओळखलं. मग रक्तदाबावरचं ‘प्राझोसिन’ नावाचं एक साधं, स्वस्त औषध वापरून पाहिलं. मृत्यू शंभरांत एक-दोनवर आले. एका आडगावच्या सरकारी डॉक्टरचं हे काम ‘लॅन्सेट’ या जगातल्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. पुढे 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मला त्यांची जास्त मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. प्राझोसिन हे त्यांचं नाव झालेलं औषध. विंचवावरचं प्रतिविष बाजारात आलं तेव्हा ‘माझं औषध पुरेसं आहे’ असं म्हणून त्यांना गप्प बसता आलं असतं. त्यांनी काय केलं? डॉ. प्रमोदिनी बावस्करांबरोबर 70 रोग्यांवर रीतसर चाचणी घेतली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दोन्ही मिळालेले रोगी लवकर बरे झाले. ते त्यांनी 2011 मध्ये स्वतः प्रसिद्ध केलं. आपल्या औषधाला एकटं पुरेसं न ठरवणारा निकाल आपणच जगाला सांगितला. त्या पाहुण्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. मत आणि सिद्ध गोष्ट यांतला फरक शिक्षणाचा नाही, इंग्रजीचा नाही, पांढऱ्या कोटाचा नाही. आपण चुकतोय का, हे बघायचा रस्ता ज्याने स्वतःहून उघडा ठेवला, त्याच्या शब्दावर जीव टाकता येतो. देवर्ष्याने मेलेल्यांची वही कधी ठेवली नाही.

व्यवहारज्ञान म्हणून जे आपण डोळे झाकून मानतो तेही या रस्त्याने जावंच लागतं. सर्पदंशावर लहान मुलाला प्रतिविष किती द्यावं? कुणालाही विचारा, तो म्हणेल मोठ्या माणसाच्या निम्मं. खोकल्याचं औषध आपण तसंच देतो. उत्तर चूक आहे. साप चावताना समोर मूल आहे की बापई, हे बघून विष कमी सोडत नाही. प्रतिविष माणसाच्या वजनाशी नाही, आत गेलेल्या विषाशी झुंजतं. दहा मिलिलिटरची एक कुपी घोणशीचं साधारण 6 मिलिग्रॅम विष निकामी करते आणि घोणस एका दंशात सरासरी साठ-एक मिलिग्रॅम सोडते. म्हणून सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या, मुलालाही तेवढ्याच. हा हिशेब कुणाच्या वाटण्यातून आलेला नाही, सापाचं विष काढून, वाळवून, तोलून आलेला आहे.

मी प्रतिविषाची आरती ओवाळत नाहीये. त्याची पावडर घोड्याच्या रक्तातल्या प्रथिनांची असल्याने काहींना त्याची जोराची रिअॅक्शन येते, म्हणून अॅड्रिनॅलिनची सुई भरून शेजारी ठेवावी लागते. या भीतीपोटी काही ठिकाणी डॉक्टर पहिली कुपीसुद्धा न देता रोग्याला पुढच्या गावी पाठवतात. हेसुद्धा मतच, आणि देवर्ष्याच्या मताइतकंच जीवघेणं. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापाच्या विषावर हे औषध बनलेलंच नाही. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं आणि दक्षिणेतल्या सापांच्या विषावर बनवलेलं औषध दुसरीकडे कमी पडू शकतं, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलंय. या उणिवा कुणी शोधल्या? मारुतीच्या पारावरच्या टीकाकारांनी नाही. प्रतिविषावरच आयुष्य घालवणाऱ्यांनी शोधल्या. ‘विज्ञानालाही सगळं कुठे कळतं’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. बरोबर आहे, सगळं कळत नाही. पण कडुनिंबाच्या चवीचा रक्तातल्या विषाशी संबंध नाही, एवढं नक्की कळलेलं आहे. न कळलेल्या गोष्टींच्या आडोशाने कळलेल्या गोष्टी नाकारता येत नाहीत.

आता सार्वजनिक बाजू. भारतात सर्पदंशाने किती माणसं मरतात, याचाच आपल्याला बरीच वर्षं पत्ता नव्हता. दवाखान्यांच्या नोंदींवरचा आकडा फार छोटा होता. मग संशोधकांनी घरोघर जाऊन ‘तुमच्याकडे कोण वारलं, कसं वारलं’ असं विचारत काम केलं आणि 2001 ते 2003 या काळासाठी वर्षाला सुमारे 46,000 हा आकडा निघाला. त्या मृत्यूंपैकी दवाखान्यात झालेले चौथाईहून कमी. बाकीचे घरी, वाटेत, देवळात. 2000 ते 2019 या वीस वर्षांचा नंतरचा अंदाज 12 लाखांचा, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं. केंद्र सरकारने 2024 मध्ये 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा काढला आणि प्रत्येक दंशाची नोंद बंधनकारक करा असं राज्यांना सांगितलं. ही नोंद मला फार मोलाची वाटते. मोजलेलं नसतं तिथेच मतं माजतात.

आपल्या राज्यात तर कायदाही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं फिरले तो त्यांच्या हत्येनंतर, 2013 साली झाला. त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय की कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद. शब्द नीट वाचा. मारुतीवर श्रद्धा ठेवणं गुन्हा नाही, नारळ फोडणं गुन्हा नाही. उपचार रोखणं गुन्हा आहे. ज्यांनी हा कायदा देवाधर्माच्या विरुद्ध आहे म्हणून रान उठवलं होतं, त्यांनी ही ओळ वाचलीच नसावी. मत बाळगायचं स्वातंत्र्य कुणी काढून घेतलेलं नाही. त्या मताची किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजावी, हे स्वातंत्र्य मात्र कुणालाच नव्हतं.

तरी कायद्याने तात्या बदलले नसते. त्यांना सात वर्षं तुरुंगात टाकून माझ्या वाडीतला पुढचा मुलगा वाचला नसता. त्या पहाटे त्यांच्या मतामागे एक अगदी खरी गोष्ट उभी होती: मारुती पाच मिनिटांवर होता आणि दवाखाना दीड तासावर. रस्ता चिखलाचा. दवाखान्यात औषध असेल की नाही, रात्रपाळीला डॉक्टर असेल की नाही, याची खात्री कुणालाच नव्हती. जिथे जाता येत नाही तिथल्या उपायावर माणूस विश्वास तरी कसा ठेवणार? 2014 पासून 108 ची गाडी आली, त्यानंतर आमच्या भागात देवर्ष्याकडे जाणारी माणसं कमी झाली. ती भाषणांनी कमी झाली नाहीत. सर्पमित्र शाळेत येऊन साप ओळखायला शिकवतात, त्याचाही मोठा हातभार आहे. शहरात बसून ‘गावातली माणसं ऐकत नाहीत’ म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे की आधी तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत ते विचारून या. आणि शहरातल्यांनी फार टेंभा मिरवू नये. मांडूळ घरात ठेवलं की पैशांचा पाऊस पडतो म्हणून त्या गरीब, बिनविषारी सापाचे लाखांनी सौदे करणारी गिऱ्हाइकं वाडीवस्तीवरची नसतात.

आणि तरीही, रस्ता झाला, गाडी आली, औषध आलं, तरी अंगणात कुणीतरी बोलावं लागतंच. हे काम सरकारचं नाही, ते माझं होतं. मोठ्यांचा मान ठेवून, आवाज न चढवता, पण ठामपणे: “तात्या, तुमचा अनुभव खरा आहे, पण ही मण्यार आहे. इथे आपल्या वाटण्याचा उपयोग नाही. आधी दवाखाना, मग मारुती.” एवढी तीन वाक्यं. ती मला त्या दिवशी सुचली नव्हती असं नाही. उर्मटपणा होईल, असं वाटलं. पुन्हा तेच क्रियापद.

ती वाक्यं बोलायची वेळ पुढे अनेक वर्षांनी पुन्हा आली. तात्यांच्या सुनेला, माझ्या वहिनींना, गंजीतलं वैरण ओढताना पायाला घोणस चावली. तात्या ओट्यावरच होते. मी तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाले, “बोलू नको. गाडीला फोन लाव.”

दवाखान्यात डॉक्टरांनी वहिनींचं दोन मिलिलिटर रक्त एका कोरड्या काचेच्या नळीत घेतलं आणि नळी स्टँडला उभी करून ठेवली. प्लॅस्टिकची नळी यासाठी चालत नाही, काचेचीच लागते. वीस मिनिटं हलवायची नाही. चांगलं रक्त वीस मिनिटांत गोठतं. घोणशीचं विष रक्तातलं गोठण्याचं सामान संपवून टाकतं, मग ते पातळच राहतं. तात्या बाकावरून उठून त्या नळीसमोर जाऊन उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, नळीकडे बघत होते. वीस मिनिटांनी सिस्टरनी नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. तात्यांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत. वहिनींना दहा कुप्या लावल्या.

सहा तासांनी पुन्हा रक्त काढलं. रात्रीचे अकरा वाजले होते. मी म्हटलं, तात्या, जरा आडवे व्हा, मी बघतो. ते हलले नाहीत. वीस मिनिटं झाली, सिस्टर आल्या, नळी हातात घेऊन त्यांनी हळूच कलती केली. लाल गोळा तळाशी जिथल्या तिथे घट्ट बसून राहिला. त्यांनी नळी आणखी कलती केली.

“पुन्हा एकदा दाखवा,” तात्या म्हणाले.